गावातच होणारं पुनर्वसन म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर दिव्यांग मुलाच्या आईला सांगतात, "आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा." सल्ला बरोबरच असतो. पण मूल कडेवर घेऊन पाड्यावरून फाट्यापर्यंत चालायचं, तिथून वडाप धरून तालुक्याला, तालुक्याहून एसटीने जिल्ह्याला, आणि तासाभराच्या व्यायामासाठी दिवेलागणीला घरी परत. हे आठवड्यातून तीनदा कोणत्या मजूर आईला जमेल? तिची मजुरी बुडते, घरातली बाकीची लेकरं शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकावी लागतात. थोड्याच दिवसांत फेऱ्या थांबतात. केसपेपरवर 'पेशंट येत नाही' असा शेरा पडतो आणि गावात 'आईबापच लक्ष देत नाहीत' अशी बोलणी सुरू होतात. आईबापांना बोल लावणं सोपं आहे, पण त्यांची वाट अंतराने आणि पोटापाण्याने अडवलेली असते.

2011 च्या जनगणनेत भारतात 2 कोटी 68 लाख दिव्यांगांची नोंद झाली, महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार. देशातल्या या लोकांपैकी 69 टक्के खेड्यात राहतात. हा आकडाही कमीच धरायला हवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात दर सहा माणसांत एकाला कसलं ना कसलं लक्षणीय अपंगत्व असतं, आणि आपल्या जनगणनेत शंभरात जेमतेम दोन सापडतात. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. 'घरात कुणी अपंग आहे का?' असं दारात उभं राहून विचारलं, तर कमी ऐकू येणारी आजी, वारंवार फिट येणारी सून, शाळा सुटलेला 'मंद' नातू यांच्यातलं कुणीच त्या उत्तरात येत नाही.

म्हणजे माणसं खेड्यात आहेत आणि सेवा शहरात. यावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगभर एक उत्तर वापरलं जातंय. पुनर्वसनाचं जेवढं काम घरात आणि गावात होऊ शकतं तेवढं तिथेच करायचं, जवळच्याच माणसांना ते शिकवायचं, आणि खरोखर गरज पडेल तेव्हाच शहराची वाट धरायची. याला समाजाधारित किंवा लोकाधारित पुनर्वसन म्हणतात. नाव जड आहे, पण काम रोजच्या जगण्यातलं आहे.

ही कल्पना आली कुठून

1970 च्या दशकात गरीब देशांतलं पुनर्वसन म्हणजे राजधानीतली दोन-चार मोठी केंद्रं. पुनर्वसनाची गरज असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम दोघांपर्यंत सेवा पोचते, असा अंदाज तेव्हा सगळीकडे सांगितला जाई. 1978 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता इथे जगभरच्या देशांनी 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा केली आणि प्राथमिक आरोग्यसेवा गावापर्यंत नेण्याचं ठरवलं. लस गावात देता येते, बाळंतपण गावात सुखरूप होऊ शकतं, तर पुनर्वसन का नाही, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. 1979 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक पुस्तिका तयार केली. स्वीडनचे डॉक्टर आयनार हेलँडर, श्रीलंकेच्या फिजिओथेरपिस्ट पद्मनी मेंडिस आणि त्यांचे सहकारी यांनी ती चित्रांसह अगदी सोप्या भाषेत लिहिली, घरच्या माणसाला हाताशी धरून शिकवता येईल अशी. मूल बसायला कसं शिकवायचं, न दिसणाऱ्याला घरातून अंगणात जायला कसं शिकवायचं, सांधे आखडू नयेत म्हणून काय करायचं, असं सगळं त्यात होतं.

पुढे दिव्यांगांच्या संघटनांनी या पद्धतीवर टीका केली, आणि ती रास्त होती. तुम्ही दवाखाना उचलून घरात आणलात, पण गाव आहे तसंच ठेवलंत, असं त्यांचं म्हणणं. व्यायाम करून मुलगी चालू लागली, तरी शाळेच्या चार पायऱ्या तशाच आणि 'हिला कशाला शाळेत घालता' म्हणणारे गुरुजीही तसेच. आणि आमच्यासाठी काय करायचं हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलं का? या टीकेने पद्धत मुळापासून बदलली. 1994 मध्ये आणि पुन्हा 2004 मध्ये आरोग्य, शिक्षण आणि श्रम या तिन्ही क्षेत्रांतल्या जागतिक संस्थांनी मिळून नवी मांडणी केली. 2006 मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, पुढच्याच वर्षी भारताने तो मान्य केला. 2010 मध्ये या पद्धतीची सविस्तर मार्गदर्शिका आली. तिच्यात कामाचे पाच खांब सांगितलेत: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण. प्रत्येकाचे पुन्हा पाच भाग. त्या पंचवीस भागांत औषधोपचार आहेत तसं लग्न आहे, खेळ आहे, सण-कला आहेत, न्याय मिळवणं आहे, राजकारणात भाग घेणंही आहे. मला या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. माणसाच्या आयुष्यात जे जे असतं ते ते तिच्यात घेतलंय.

घरात नेमकं काय होतं

समजा, तीन वर्षांचा मुलगा आहे. जन्मला तेव्हा लगेच रडला नाही. मान उशिरा धरली, बसत नाही, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. हा मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, हे आईवडिलांना पहिल्याच भेटीत खरं खरं सांगायला लागतं. नाहीतर भगत, मालिशवाला, 'गॅरंटी' देणारा वैद्य यांच्यामागे दोन-तीन वर्षं आणि घरातलं किडूकमिडूक सगळं जातं. पण इजा भरून येत नाही म्हणजे मुलात काहीच बदलत नाही असं नव्हे. बदलण्यासारखं पुष्कळ असतं.

सुरुवात बहुतेक वेळा जेवणापासून होते. अशा मुलाला आई मांडीवर आडवं घेऊन भरवते, कारण बसवलं तर ते कोसळतं. आडवं असताना मान मागे पडते, पातळ पेज थेट घशात ओघळते, मूल ठसकतं, थोडं अन्न श्वासनलिकेत जातं. त्यातून सारखा खोकला, छातीत कफ, न्यूमोनिया. आई घाबरून कमी भरवते, मूल अशक्त होतं. कार्यकर्ती आईजवळ बसते आणि दाखवते: मूल उभ्या अंगाने धरायचं, पाठीला आधार द्यायचा, कंबर आणि गुडघे वाकलेले, हनुवटी किंचित खाली. पातळ पेजेऐवजी गुरगुट्या भात किंवा घट्ट नाचणी. लहान चमचा समोरून आणायचा, वरून ओतायचं नाही. गिळून होईपर्यंत थांबायचं. एवढ्याने ठसका कमी होताना आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, आणि मग पुढच्या कामावर तिचा विश्वास बसतो. मात्र इतकं करूनही मूल प्रत्येक घासाला ठसकत असेल, वजन घटत असेल, तर त्याला तज्ज्ञाकडे न्यायलाच हवं.

मग बसणं. गावच्या सुताराकडून दोन फळ्या काटकोनात जोडून कोपऱ्याची खुर्ची करून घेता येते. पाठ कोपऱ्यात गेली की खांदे आपोआप पुढे येतात आणि हात समोर आणता येतात. दोन्ही मांड्यांच्या मध्ये एक गुळगुळीत खुंटी, म्हणजे पाय कात्रीसारखे येत नाहीत. पाटाची खोली कुल्ल्यापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत, उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंत, पावलं खाली पूर्ण टेकलेली. ही मापं त्या मुलाच्या अंगावरूनच घ्यायची, दुसऱ्याची खुर्ची चालत नाही. लाकूड परवडत नसेल तर पुठ्ठा, रद्दी आणि खळ यांचे थर चिकटवून, वाळवून पक्की खुर्ची होते. झिम्बाब्वेतून पसरलेलं हे तंत्र आज पुष्कळ देशांत वापरतात. मूल बसायला लागलं की त्याला जग समोरून दिसतं. ते कोंबडीच्या पिलाकडे बघतं, ताटलीकडे हात नेतं, भावंडं त्याच्याशी खेळायला येतात. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलाशी कोण खेळणार?

आपल्याकडची मूल कडेवर घेण्याची रीत या मुलांसाठी फार चांगली. दोन्ही पाय आईच्या कमरेच्या दोन बाजूंना गेले की मांड्या आपसूक फाकतात, ताण सैल होतो, मूल सरळ राहून इकडेतिकडे बघू शकतं. वेगळा वेळ काढून व्यायाम करायला सांगितलं तर राबणाऱ्या घरात तो आठवडाभरही टिकत नाही. पाणी आणायला जाताना, आंघोळ घालताना, कपडे बदलताना, म्हणजे एरवीही मूल हाताळावंच लागतं तेव्हा ते कसं हाताळायचं एवढं बदललं, तर दिवसभर व्यायाम होत राहतो. गावातल्या पुनर्वसनाचं सगळं तंत्र यात आलं.

प्रत्येक अपंगत्वात असंच बघायचं. झाडावरून पडून कमरेखालची संवेदना गेलेल्या तरुणाच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका मोडलेल्या मणक्याचा नसतो, तो पाठीवरच्या आणि कुल्ल्यांवरच्या दाबाच्या जखमांचा असतो. दर दोन तासांनी कूस बदलणं, बसलेलं असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलणं, रोज आरशात कातडी तपासणं, लघवीच्या नळीची स्वच्छता. हे घरच्यांना नीट शिकवलं नाही, तर शहरात हजारो रुपये खर्चून वाचवलेला जीव घरी आल्यावर जखम चिघळून जातो. ज्याच्या अंगावरून वारं गेलंय त्याला उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, पण तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाने रोज पाय पाण्यात भिजवायचे, कोरडी कातडी दगडाने हलकेच घासायची, ओल्या अंगावरच तेल लावायचं आणि मऊ तळव्याची एमसीआर चप्पल घालायची. ती सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत मिळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात हे काम आजही तितकंच गरजेचं आहे. काही ठिकाणी अशी माणसं गट करून आठवड्याला भेटतात आणि एकमेकांचे तळपाय तपासतात, कारण स्वतःच्या टाचेत घुसलेला काटा त्यांना कळतच नाही.

कुणी शिकवायचं

इथे एक गैरसमज आहे. गावात करायचं म्हणजे फिजिओथेरपिस्ट नको, डॉक्टर नको, आशाताई सांभाळून घेईल, असं काही जण समजतात. तसं नाही. साखळी तीन कड्यांची असते. पहिली कडी घरची माणसं आणि स्वतः ती व्यक्ती. दुसरी, ठरावीक दिवशी दारात येणारा प्रशिक्षित गावकार्यकर्ता. तिसरी, तालुक्याला किंवा जिल्ह्याला असलेला तज्ज्ञ, जो कार्यकर्त्याला शिकवतो, अवघड केस बघतो, शस्त्रक्रिया करतो, कृत्रिम पाय बसवतो. यातली एक कडी निखळली की बाकीच्या दोन्ही लुळ्या पडतात. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर घरच्या मालिशने ते सरळ होणार नाही. त्याला पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टरची मालिका लागते, दर आठवड्याला नवं प्लास्टर, आणि ते प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवं. पण पाऊल सरळ झाल्यावर रात्रीचे खास बूट चार-पाच वर्षांपर्यंत घालावे लागतात. ते घालणं थांबलं की पाऊल पुन्हा वळतं, आणि ते थांबू न देण्याचं काम गावातच होऊ शकतं.

हे कार्यकर्ते कोण असावेत, याचं सगळ्यात ठळक उत्तर मेक्सिकोतून आलं. सिनालोआ प्रांतातल्या आहोया या डोंगरी गावात 1981 मध्ये 'प्रोहिमो' नावाचा उपक्रम उभा राहिला. गावच्या आरोग्यसेवकांच्या जुन्या कामातून तो निघाला. डेव्हिड वर्नर यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यांना स्वतःला स्नायू दुबळे होत जाणारा आनुवंशिक आजार आहे. हा उपक्रम चालवणारे बहुतेक सगळे जण गावातलेच दिव्यांग तरुण-तरुणी होते. तेच पायाला आधार देणारे कॅलिपर बनवत, व्हीलचेअर जोडत, आलेल्या मुलांना व्यायाम शिकवत. स्वतः चाकाच्या खुर्चीत बसलेला कारागीर आपल्या मुलासाठी खुर्ची बनवतोय हे आईवडील बघतात, तेव्हा त्यांना मुलाच्या भवितव्याबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

आपल्याकडे तमिळनाडूतल्या तेनकासीजवळच्या आयकुडी गावात अमर सेवा संगम आहे. त्याचे संस्थापक एस. रामकृष्णन 1975 मध्ये नौदलाच्या अधिकारी निवडीच्या चाचणीत पडले आणि त्यांच्या मानेखालचं शरीर निकामी झालं. तेव्हा ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या टप्प्यात होते. 1981 मध्ये त्यांनी आपल्याच गावात पोलिओ झालेल्या पाच मुलांना घेऊन काम सुरू केलं. पुढे सनदी लेखापाल एस. शंकर रामन त्यांना येऊन मिळाले, त्यांना स्वतःला स्नायुक्षयाचा आजार. आज त्या संस्थेच्या गावकार्यकर्त्या घरोघर जातात, मुलाची प्रगती मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदवतात, आणि थेरपिस्ट ती बघून पुढचं सांगतात. म्हणजे तज्ज्ञाला रोज पाड्यावर यावं लागत नाही, पण त्याची नजर तिथपर्यंत पोचते. रामकृष्णन यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली.

कर्नाटकाने सरकारी पातळीवर एक चांगली गोष्ट केली. ग्रामपंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमला, आणि तो त्याच भागातला दिव्यांग असावा असं धोरण ठेवलं. मानधन तुटपुंजं, कामाचा बराच वेळ कागदपत्रांत जातो, हे खरं. तरीही 'कुणाकडे जायचं' या प्रश्नाला गावात एक चेहरा मिळाला. महाराष्ट्राने हे करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

काम, लग्न, मान

उपजीविकेच्या बाबतीत एक चूक फार होते. गावातला शेतकरी चाळिशीत आंधळा होतो, आणि त्याला कुणीतरी मेणबत्त्या किंवा कागदी पिशव्या करायच्या शिबिराला पाठवतं. गावात मेणबत्त्या कोण घेणार? त्याला त्याच्या शेताचा बांध न् बांध ठाऊक आहे, म्हैस त्याच्या हाताला ओळखते. घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधली, पांढरी काठी कशी फिरवायची ते शिकवलं, वैरण आणि पाण्याची जागा कायमची ठरवली, तर तो धार काढू शकतो, गोठा सांभाळू शकतो, शेळ्या पाळू शकतो. माणसाला येत असलेलं आणि गावात खपणारं काम आधी बघायचं. रोजगार हमीच्या कामावर दिव्यांगांना जमतील अशी कामं असतात, मजुरांना पाणी देणं, लहान मुलं सांभाळणं, हजेरीला मदत करणं. बचत गटात दिव्यांग बाई सभासद आहे का, हाही साधा प्रश्न विचारून बघावा. बरेचदा तिचं नाव कुणाला सुचलेलंच नसतं.

लग्नाबद्दल कुणी उघड बोलत नाही. घरातली पांगळी मुलगी म्हणजे धाकट्या बहिणीच्या स्थळाला अडचण, म्हणून पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचं. मतिमंद मुलीवर अत्याचार झाला तर 'घरातली गोष्ट घरात' म्हणून दाबायची. गावातल्या पुनर्वसनाच्या कार्यकर्त्याला या गोष्टी हाताळता आल्या पाहिजेत, कारण त्या मुलीचं आयुष्य सांध्यांच्या व्यायामाइतकंच यावरही अवलंबून आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अत्याचार आणि शोषणापासून संरक्षणाची तरतूद आहे आणि कुणालाही तक्रार करता येते. ऐकू न येणाऱ्या मुलाचंही असंच. घरात खाणाखुणांवर भागतं, पण नीट सांकेतिक भाषा कुणी शिकवत नाही, आणि मग ते मूल भर घरात एकटं वाढतं. कुटुंबातल्या दोघातिघांनी ती शिकली तर त्याला भांडताही येतं, चिडवताही येतं, मनातलं सांगताही येतं.

घोडं अडतं कुठे

चाळीस वर्षांच्या अनुभवातून या पद्धतीतल्या खाचाही कळल्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे सगळा भार बायकांवर पडतो. 'कुटुंब करेल' म्हटलं की आई, आजी, मोठी बहीण असंच समजायचं. शेतात, चुलीवर आणि आता थेरपीतही तीच. वडिलांना आणि भावांना शिकवणीत बसवलं नाही, तर आपण एका बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढवतो. आशाताईंचंही तेच. त्यांच्याकडे आधीच कामांचा ढीग आहे, त्यात हे काम जादा मोबदल्याशिवाय टाकणं अन्यायाचं आहे.

दुसरी खाच म्हणजे प्रकल्पाची मुदत. देणगीवर तीन वर्षं काम चालतं, मुलं बसायला लागतात, आणि निधी संपला की कार्यकर्ता घरी बसतो. मूल वाढतं, खुर्ची लहान पडते, कॅलिपर तुटतो, विचारायला कुणी नसतं. साहित्यवाटपाच्या शिबिरांबद्दल मला विशेष वाईट वाटतं. मंचावर फोटो होतात, तीनचाकी सायकली दिल्या जातात, आणि त्या पाणंदीच्या चिखलात एक पावसाळाही टिकत नाहीत. लहान मुलाला मोठ्या माणसाची व्हीलचेअर मिळते. तिच्यात ते एका बाजूला कलतं, पाठीचा कणा वाकतो, म्हणजे मदतीनेच इजा होते. माप घेतल्याशिवाय, ती घराच्या उंबरठ्यातून जाईल का हे बघितल्याशिवाय आणि दुरुस्ती कुठे होणार हे सांगितल्याशिवाय खुर्ची देऊच नये.

आपल्या गावात आज काय हाताशी आहे

महाराष्ट्रात हे सगळं एका छताखाली देणारी यंत्रणा प्रत्येक गावात नाही, पण तिचे सुटे भाग पुष्कळ आहेत. शून्य ते 18 वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला तोच पालघरमध्ये. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. बाळाने चार महिन्यांत मान धरली नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, आवाजाच्या दिशेने वळत नाही, मुठी सतत आवळलेल्या आहेत, असं काही दिसलं तर पथकाची वाट न बघता अंगणवाडीताईंना लगेच सांगावं. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयात लवकर निदान व उपचार केंद्र असतं. 'होईल मोठा झाल्यावर' म्हणत घालवलेलं पहिलं-दुसरं वर्ष नंतर परत मिळत नाही, कारण त्याच काळात मेंदू सगळ्यात वेगाने शिकत असतो.

शाळेसाठी 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक आहेत, आणि शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलाला घरी शिकवण्याचीही सोय आहे. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, म्हणून स्वमग्नता (ऑटिझम), सिकलसेल, थॅलेसेमिया, अ‍ॅसिड हल्ल्यातले बळी यांनाही आता प्रमाणपत्र मिळू शकतं. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या सिकलसेलच्या रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट आहे. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात: एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, सरकारी नोकरीत 4 टक्के आणि उच्च शिक्षणात 5 टक्के राखीव जागा. या सगळ्याचं दार म्हणजे यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं देशभर चालणारं सरकारी ओळखपत्र. त्यासाठी रुग्णालयात ठरावीक दिवशी जावं लागतं, म्हणून गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून एकच गाडी करून जाणं सोयीचं पडतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळू शकतो, आणि थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो. माणसं तयार करण्याचं कामही सुरू झालंय. भारतीय पुनर्वास परिषदेने 2021 मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या साथीने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. तो पूर्ण करणाऱ्यांना दिव्यांग मित्र म्हणतात. गावातल्या बारावी झालेल्या, पण कामाच्या शोधात असलेल्या दिव्यांग मुलामुलींनी याची चौकशी जरूर करावी.

आणि शेवटची, पण हाताला सगळ्यात जवळची गोष्ट ग्रामपंचायतीची. स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा राज्याचा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी तो वर्षअखेरीला घाईघाईने वाटला जातो, किंवा पडून राहतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांना गावातल्या दिव्यांगांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकत्र जावं, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारावं: आपल्या गावात दिव्यांगांची नोंदवही आहे का, तिच्यात किती नावं आहेत, गेल्या वर्षी 5 टक्के म्हणजे नेमके किती रुपये होते आणि ते कशावर गेले. सभा वरच्या मजल्यावर असेल तर ती खाली घ्यायला सांगावं. कुणाच्या घरच्या शौचालयाला पाइपाचा आधार हवा आहे, कुणाला कोपऱ्याची खुर्ची, कुणाला रुग्णालयात जायला गाडी, शाळेला कुठे उतार हवा, ही यादी आधी घरोघर फिरून करावी आणि सभेत लेखी द्यावी. ठराव झाला की त्याची प्रत मागून घ्यावी.